गुडघ्याचा खटका

खुर्चीत बसण्याआधी हात आपोआप मांडीवरून खाली गुडघ्याकडे जातो. पँटच्या कापडावरूनच बोटं गुडघ्याच्या दोन्ही बाजूंच्या लोखंडी कड्या चाचपतात, त्या वर ओढतात. खट् असा आवाज होतो आणि इतका वेळ ताठ राहिलेला पाय वाकतो. उठताना सगळं उलट करायचं: पाय समोर सरळ करायचा, कड्या खाली पडू द्यायच्या, दोन्ही नीट बसल्या की नाही ते बघायचं आणि मगच पायावर भार टाकायचा. एक कडी अर्धवट राहिली तर माणूस जमिनीवर. पोलिओ झालेल्या आणि कॅलिपरवर वाढलेल्या माणसांनी ही कसरत दिवसातून कितीतरी वेळा, समोरच्याशी गप्पा न थांबवता केलेली आहे.

पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हलवणाऱ्या पेशी मारतो. संवेदना मात्र शाबूत राहते. म्हणजे पाय उचलता येत नाही, पण बूट चावला तर तो पूर्ण चावतो. मांडीच्या पुढच्या बाजूचा मोठा स्नायू गेला की भार टाकताच गुडघा दुमडतो. थोडाफार जोर उरलेली माणसं तळहाताने मांडी मागे दाबत, वाकून चालतात. एकेकाळी प्रत्येक गावात असं चालणारं कुणीतरी असायचंच. ज्यांना तेही जमत नाही त्यांचा गुडघा बाहेरून पक्का करावा लागतो. कॅलिपर करतो ते एवढंच. गेलेला स्नायू तो परत देत नाही, पायाचा खांब करतो.

वाकड्या किंवा लुळ्या पायाला लोखंडाचा आधार देण्याची कल्पना पोलिओच्या साथींहून पुष्कळ जुनी. सोळाव्या शतकातला फ्रेंच शल्यवैद्य अँब्रोझ पारे अशी साधनं चिलखतं घडवणाऱ्या कारागिरांकडून करून घेत असे. त्यात नवल नाही. माणसाच्या अंगाबरहुकूम पत्रा ठोकायचा आणि वर तो सांध्यात वाकलाही पाहिजे, हे कसब त्यांच्याकडेच होतं. चार्ल्स डिकन्सच्या १८४३ सालच्या ‘अ ख्रिसमस कॅरल’मधला टायनी टिम कुबडी घेऊन चालतो आणि त्याच्या पायांना लोखंडी सांगाडा आहे. डिकन्सला तो सांगाडा वाचकांना समजावून सांगावा लागला नाही. मुडदूस आणि हाडांच्या क्षयाने पाय वाकलेली मुलं लंडनच्या गल्लोगल्ली दिसत होती.

पुढे भारतातल्या मुलांच्या पायांवर चढलेल्या कॅलिपरचं घराणं मात्र लिव्हरपूलचं. तिथला ह्यू ओवेन थॉमस (१८३४–१८९१) हा वेल्समधल्या अँगलसी बेटावरच्या हाडवैद्यांच्या कुळातला. बाप एव्हन थॉमस पदवी नसलेला, पण हाडं बसवण्यात नावाजलेला. त्याने मुलाला रीतसर डॉक्टर केलं. बापलेकांचं फार काळ पटलं नाही. मुलाने नेल्सन स्ट्रीटवर स्वतःचा दवाखाना थाटला, आणि घरातच एक कारखानाही चालवला. एकीकडे लोहार, दुसरीकडे कातडं शिवणारा. सकाळी तपासलेल्या रोग्याचा पट्टा तिथेच ठोकायला घ्यायचा, चुकला तर तिथेच दुरुस्त करायचा. रविवारी गरिबांना फुकट तपासणी असे आणि गोदीकामगारांची रीघ लागे. थॉमस स्वतः अंगाने किरकोळ होता. एका डोळ्याला झालेली दुखापत झाकण्यासाठी तो टोपी पुढे ओढून घेई, आणि त्याच्या तोंडात सिगारेट कायम. इस्पितळात मोठं पद त्याला कधी मिळालं नाही आणि लंडनच्या बड्या डॉक्टरांनी त्याला फारसं मोजलंही नाही.

त्याचं साधन दिसायला अगदी साधं होतं. जांघेत बसेल अशी, कातड्याने मढवलेली लोखंडी कडी. तिच्यापासून पायाच्या दोन्ही अंगांनी खाली जाणारे दोन गज. आपण बसतो तेव्हा ज्या हाडावर भार येतो, त्याच हाडाला ही कडी टेकते. त्यामुळे उभ्या माणसाचं वजन हाडातून कडीत, कडीतून गजांत आणि गजांतून जमिनीत उतरतं. मधला गुडघा मोकळा राहतो. क्षयाने सुजलेल्या गुडघ्याला विश्रांती मिळावी म्हणून थॉमसने हे योजलं आणि १८७५ साली खुबा, गुडघा आणि घोट्याच्या रोगांवरच्या आपल्या पुस्तकात ते मांडलं. अंथरुणावरून उठून हिंडण्याची वेळ आली की गजांची खालची टोकं आत वळवून बुटाच्या टाचेत बसवलेल्या नळीत अडकवायची. हाच कॅलिपर. मूळच्या साधनात गुडघ्याला बिजागरीच नव्हती. बसलं तरी पाय समोर ताठ. बिजागरी आणि तिच्यावर सरकणारी कडी ही नंतरची सुधारणा.

थॉमसचा भाचा रॉबर्ट जोन्स त्याच्याच हाताखाली शिकला आणि पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याच्या अस्थिशल्यविभागाचा प्रमुख झाला. मांडीचं हाड मोडलेले सैनिक वाटेतच दगावत, कारण स्ट्रेचरच्या प्रत्येक हिसक्याला मोडलेली टोकं आत मांस कापत. मामाचं तेच साधन खंदकाजवळच बांधायला सुरुवात झाल्यावर या जखमेने मरणारे ८० टक्क्यांवरून २० टक्क्यांच्या खाली आले, असं पाठ्यपुस्तकं सांगतात. ८० हा आकडा फुगवलेला असावा, असं काही अलीकडचे अभ्यासक म्हणतात. फरक पडला याबद्दल मात्र कुणाचं दुमत नाही. लंडनने न मोजलेला डॉक्टर मेल्यावर पंचवीस वर्षांनी त्याचं नाव प्रत्येक फौजी डॉक्टरच्या तोंडी बसलं.

याच सुमारास पोलिओ साथ म्हणून उसळू लागला होता. १९१६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत २७ हजारांहून अधिक लोकांना तो झाला, सुमारे ६ हजार मेले. वाचलेल्यांतले असंख्य जण पट्ट्यांत अडकले. आणि १९२१ च्या ऑगस्टमध्ये, कॅम्पोबेलो बेटावर सुट्टीला गेलेल्या एका ३९ वर्षांच्या राजकारण्याचे पाय दोन-तीन दिवसांत गेले. फ्रँकलिन रूझवेल्ट.

रूझवेल्टला कंबरेपासून खाली जवळजवळ काहीच उरलं नव्हतं. दोन्ही पायांना पूर्ण उंचीचे पोलादी पट्टे, कुलूपबंद गुडघे, एका हातात काठी, दुसरा हात मुलाच्या दंडात रुतलेला, आणि मग धडाच्या हेलकाव्याने एकेक पाय पुढे फेकायचा. बघणाऱ्याला हे ‘चालणं’ वाटावं म्हणून त्याने कित्येक महिने सराव केला. १९२४ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पक्षाच्या अधिवेशनात तो कुबड्या घेऊन बोलायला गेला, तेव्हा सोळा वर्षांचा जेम्स सोबत होता. चार वर्षांनी ह्यूस्टनच्या अधिवेशनात कुबड्या गेल्या. काठी आणि दुसरा मुलगा एलियट, एवढ्यावर भागलं. पट्टे बुटांत आणि मोज्यांत लपून जावेत म्हणून काळे रंगवलेले असत, पँटी मुद्दाम लांब शिवलेल्या. चेहऱ्यावर हसू, मान मागे टाकलेली, आणि मुलाच्या दंडावर बोटांचे वळ.

२७ जून १९३६ ला फिलाडेल्फियाच्या मैदानात सुमारे एक लाख माणसं जमली होती. राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी दुसऱ्यांदा स्वीकारायला रूझवेल्ट व्यासपीठाकडे निघाला. वाटेत ऐंशीच्या घरातला कवी एडविन मार्कम दिसला म्हणून त्याने हात पुढे केला, तोल गेला आणि एका पायाचा खटका निसटला. राष्ट्राध्यक्ष कोसळला, भाषणाचे कागद विखुरले. अंगरक्षकांनी त्याला गराडा घालून झाकलं, उचललं, खटका पुन्हा लावला, कपडे झटकले. तो संतापला होता, हादरलाही होता. तरी परत वळून त्याने मार्कमचा हात हातात घेतला, मग व्यासपीठावर जाऊन भाषण केलं. खाली बसलेल्या लाखभर लोकांतल्या बहुतेकांना काही घडलं हेच कळलं नाही.

हे झाकणं पुढे अभ्यासाचा विषय झालं. ह्यू गॅलाघर हा लेखक स्वतः पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीत होता. १९८५ सालच्या पुस्तकात त्याने नोंदवलं की रूझवेल्टच्या ग्रंथालयातल्या ३५ हजारांहून अधिक छायाचित्रांपैकी फक्त दोनांत तो चाकाच्या खुर्चीत दिसतो. छायाचित्रकारांना तशी ताकीदच होती. पण ‘अमेरिकेला पत्ताच नव्हता’ ही लाडकी दंतकथा मात्र खरी नाही. त्याच्या वाढदिवसाला १९३४ पासून देशभर पोलिओसाठी नाचगाण्यांचे समारंभ करून पैसे जमवले जात. पोलिओ झालेला माणूस देश चालवतोय हे सगळ्यांना ठाऊक होतं. लोकांना पाहायचं नव्हतं ते लोखंड, आणि त्यालाही ते दाखवायचं नव्हतं. १ मार्च १९४५ ला, याल्टाहून परतल्यावर, त्याने संसदेसमोर पहिल्यांदाच बसून भाषण केलं आणि त्याबद्दल माफी मागताना पायांवरच्या दहा पौंड पोलादाचा उल्लेख केला. सहा आठवड्यांत तो गेला. पोलिओवरची साल्कची लस यशस्वी ठरल्याची घोषणा बरोबर दहा वर्षांनी, त्याच तारखेला, १२ एप्रिल १९५५ ला झाली.

रूझवेल्टच्या पट्ट्यांना दारापाशी मोटार होती, खटका लावायला नोकर होता. मुंबईतल्या मुलाला बेस्टच्या बसची पायरी चढायची होती.

आपल्याकडे पोलिओला बराच काळ साथ म्हणून कुणी ओळखलंच नाही. तापात मूल लुळं पडलं की त्याचं खापर नशिबावर, नजरेवर किंवा तापात टोचलेल्या सुईवर फुटे. सुईचा संशय अगदीच खुळा नव्हता. विषाणू अंगात असताना इंजेक्शन दिलेल्या पायालाच लुळेपणा जास्त येतो, हे पुढे सिद्ध झालं. १९४९ साली मुंबईत साथ आली आणि त्याच वर्षी इथे पोलिओ संशोधनाचा विभाग सुरू झाला. त्याच्या दोन वर्षं आधी, १९४७ मध्ये, स्वातंत्र्यचळवळीतल्या कार्यकर्त्या फातिमा इस्माइल यांनी मुंबईत पोलिओच्या मुलांसाठी काम सुरू केलं होतं. त्यांच्या स्वतःच्या लहान मुलीला पोलिओ झाला, उपचारासाठी वणवण करावी लागली, आणि त्या वणवणीतून सोसायटी फॉर द रिहॅबिलिटेशन ऑफ क्रिपल्ड चिल्ड्रन ही संस्था उभी राहिली. हाजी अलीजवळचं मुलांचं अस्थिरुग्णालय हे तिचंच. १९५८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९५५ साली संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने हाजी अलीलाच सरकारी पुनर्वसन संस्था निघाली. पुण्यात वानवडीचं आर्टिफिशियल लिंब सेंटर तर दुसऱ्या महायुद्धात, १९४४ पासूनच जखमी सैनिकांसाठी सुरू होतं. पुढे ते नागरिकांनाही खुलं झालं. सातारा-सांगलीकडून, कोकणातून, मराठवाड्यातून आईबाप मुलाला कडेवर घेऊन या दोन शहरांच्या वाऱ्या करत.

कॅलिपरचं माप घेणं पाहण्यासारखं असे. मुलाला तपकिरी कागदावर उताणं झोपवायचं आणि पेन्सिल उभी धरून पायाची आकृती काढायची. जांघ, गुडघा, घोटा इथे खुणा. मग कारागीर गज त्या रेषेवर धरून पिळत पिळत वाकवणार, मांडी आणि पोटरीला कातड्याने मढवलेले पट्टे रिव्हेटने ठोकणार, गुडघ्यावर चार वाद्या असलेली कातड्याची वाटी शिवणार, शेवटी बुटाची टाच पोखरून नळी बसवणार. मूल वाढतं, लोखंड वाढत नाही. म्हणून लहानांच्या कॅलिपरचे गज दोन तुकड्यांत, एकावर एक चढवलेले असत आणि त्यांत ओळीने भोकं. उंची वाढली की स्क्रू काढून पुढच्या भोकात. बुटाचं माप बदललं, मांडी भरली की मात्र सगळं नव्याने. तेवढे पैसे किंवा तेवढी रजा नसली तर मूल आखूड कॅलिपरवर वाकडं चालत राही आणि पाठीच्या कण्याला बाक येई.

खरा पेच वेगळाच होता. थॉमसने हे साधन खुर्चीवर बसणाऱ्या, बूट घालून घरात वावरणाऱ्या माणसांसाठी केलं होतं. आपल्याकडे बूट उंबऱ्याबाहेर. आणि इथे बूट म्हणजे पायाचाच भाग. तो काढला की पूर्ण कॅलिपर उतरवावा लागतो. मग घरात मूल सरपटत किंवा भिंतीला धरून हिंडणार. देवळात आई गाभाऱ्यापर्यंत जाई आणि मूल पायरीवर थांबे, किंवा कुणीतरी उचलून नेई. पंगतीत बसायचं तर खटका सोडला तरी मांडी घालता येत नाही. पाय पुढे ताणून बसायचं म्हणजे बुटासकट तो कुणाच्या तरी पानाकडे जाणार. म्हणून लग्नकार्यात अशा मुलाचं पान कोपऱ्यात, किंवा वेगळं टेबलावर. शौचालय उकिडवं. शाळेचा बाक अरुंद, पाय वाटेत येणारा, येता-जाता पोरं अडखळणार. पावसाळ्यात कातड्याला बुरशी आणि सांध्याला गंज. घरातल्या शिवणयंत्राची तेलाची कुपी इथेही उपयोगी पडे. पँटी गुडघ्याच्या बाजूंना आधी विरत. मुलींच्या वाट्याला आणखी एक गोष्ट होती. फ्रॉकखाली लोखंड उघडं दिसे आणि साडी नेसायचं वय आलं की ते झाकलं जाई. अनेक घरांत साडी लवकर आली ती या कारणाने.

जयपूरचे डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास घडवलेला जयपूर फूट याच पेचातून आला: उकिडवं बसता यावं, अनवाणी चालता यावं, शेतातल्या चिखलात जाता यावं. तो पाय कापलेल्यांसाठी होता. पण विलायती नमुना जसाच्या तसा गिरवण्यावर सेठींनी घेतलेला आक्षेप कॅलिपरलाही तंतोतंत लागू होता. युगांडात रोनाल्ड हकस्टेप यांनी साठच्या दशकात गावात मिळेल त्या लोखंडाचे, कातड्याचे आणि लाकडी खडावांचे स्वस्त कॅलिपर केले. मेक्सिकोच्या डोंगराळ खेड्यात डेव्हिड वर्नर यांच्या प्रकल्पात तर अपंग तरुणच कारागीर झाले. वर्नर यांचे स्वतःचे पाय आनुवंशिक आजाराने कमजोर. लहानपणी डॉक्टरांनी दिलेल्या पट्ट्यांनी त्यांना फायद्यापेक्षा तोटाच झाला होता. उपयोगी पडले ते त्या खेड्यातल्या, पोलिओ झालेल्या एका कारागिराने त्यांनाच विचारून विचारून, पुन्हा पुन्हा दुरुस्त करून बनवलेले प्लास्टिकचे पट्टे. नेल्सन स्ट्रीटवरचा थॉमस तरी वेगळं काय करत होता?

कॅलिपर घालणाऱ्या माणसांच्या गोष्टी सांगताना लोकांना मात्र शेवट गोड लागतो. टेनेसीची विल्मा रुडॉल्फ लहानपणी कित्येक वर्षं पट्टा घालत होती आणि १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये तिने धावण्याची तीन सुवर्णपदकं मिळवली. ही गोष्ट खरी आहे, आणि म्हणूनच घातक. पट्टा म्हणजे जिद्दीने फेकून द्यायची वस्तू, असा समज या गोष्टीने पक्का केला. विल्माचे स्नायू काही अंशी परत आले होते. ज्यांचे येत नाहीत त्यांनी पट्टा फेकला तर ते पडतात. व्हायोलिनवादक इत्झाक पर्लमन यांना चौथ्या वर्षी पोलिओ झाला. ते कुबड्या आणि पट्ट्यांवर सावकाश रंगमंचावर येत, बसत, खटके सोडत आणि वाजवत. न्यूयॉर्कमध्ये १९९५ साली मध्येच एक तार तुटली आणि त्यांनी उरलेल्या तीन तारांवर सबंध रचना वाजवली, हा किस्सा व्हॉट्सअ‍ॅपवर मराठीतही फिरतो. त्या वेळच्या वृत्तपत्रांत त्याचा मागमूस नाही. नुसतं उत्तम वाजवणं पुरत नाही, पायात लोखंड असलेल्या माणसाने वर बोधकथाही द्यायला हवी!

लोखंड हलकं करण्याच्या भारतीय खटपटीत सर्वांत गाजलेलं नाव डॉ. अब्दुल कलाम यांचं. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधल्या अस्थितज्ज्ञाने ‘अग्नी’ क्षेपणास्त्रासाठी केलेलं हलकं संमिश्र पाहिलं आणि कलामांना आपल्या वॉर्डात नेलं. तिथली मुलं तीन किलोंहून जड कॅलिपर ओढत होती. त्या जागी ३०० ग्रॅमचे करून दिले, असं कलाम पुढे अनेक भाषणांत सांगत, आणि आयुष्यातल्या मोठ्या आनंदांत त्याची गणना करत. हे पट्टे नडगीला पुढून रेटा देऊन गुडघा सावरतात. ज्यांच्या पायात थोडी ताकद शिल्लक आहे त्यांना ते वरदान ठरले. दोन्ही पाय पूर्ण गेलेल्यांना जांघेपर्यंतचा जुना कॅलिपर सुटला नाही.

लसीकरणाआधी भारतात दरवर्षी सुमारे २ लाख मुलांना पोलिओ होत असावा, असा अंदाज होता. १९९५ पासून पल्स पोलिओ देशभर सुरू झाला. नैसर्गिक पोलिओ-विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, हावड्याचा. २७ मार्च २०१४ ला भारतासह जागतिक आरोग्य संघटनेचा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. कॅलिपरच्या कार्यशाळांतून पोलिओची मुलं दिसेनाशी झाली. आता तिथे सेरेब्रल पाल्सीची मुलं आणि अपघातात पाठीचा कणा दुखावलेले तरुण येतात, आणि पोटरी-मांडीच्या साच्यावर तापवलेलं प्लास्टिक बसवून केलेले पट्टे घेऊन जातात. जर्मन बनावटीचा, संगणकाच्या इशाऱ्यावर गुडघा आपोआप धरणारा आणि सोडणारा पट्टाही बाजारात आहे. त्याची किंमत लाखांत, आणि तो मोबाइलसारखा चार्ज करावा लागतो.

जुनी माणसं मात्र आहेत, आणि त्यांतले कित्येक जण आता नव्याने कॅलिपरकडे वळताहेत. तरुणपणी पट्टा टाकून मांडीवर हात दाबत चाललेल्यांना तीस-चाळीस वर्षांनी पुन्हा थकवा, सांधेदुखी, स्नायूंची नवी झीज सुरू होते. उरलेल्या मोजक्या चेतापेशींनी दुप्पट-चौपट काम केल्याचा हा परिणाम. १९८० च्या दशकात डॉक्टरांनी त्याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम हे नाव दिलं. यांतल्या पुष्कळांना प्लास्टिक नको असतं. घाम येतो, कातडी सोलते आणि चालण्याची जन्माची सवय लोखंडाच्या वजनाला जुळलेली असते. पण गज पिळून वाकवणारे आणि कातड्याची वाटी शिवणारे हात आता थोडे राहिलेत. गुडघ्याच्या जुन्या सांध्याचा स्क्रू झिजला की तो सायकलवाल्याकडे, नाहीतर ओळखीच्या लेथवाल्याकडे न्यावा लागतो, आणि तो आटे पाडून देईपर्यंत दुकानातल्या स्टुलावर पाय ताणून बसून राहावं लागतं.